सीएनसी प्रोग्रॅमिंगच्या सामायिक फाइली कशा लावाव्यात : लहान मशीन शॉपसाठी एक पद्धत

सामायिक फोल्डर लावण्याचे काम गुरुवारी काढावे. भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते, मशीन बंद असतात आणि हातातले काम अर्धवट टाकायला लावणारे कोणी येत नाही. अडचण एकच, की वीज कंपनीची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात; त्यामुळे आदल्या दिवशी यूपीएसची बॅटरी तपासून घ्यावी, नाहीतर फाइली हलवण्याचे काम निम्म्यावर असताना संगणक बंद पडतो आणि कोणत्या फाइली हलल्या व कोणत्या राहिल्या हे शोधण्यात पुढचा गुरुवार जातो.

येथे सांगितलेली पद्धत तीन ते दहा सीएनसी (संगणकी प्रोग्रॅमवर चालणारी) मशीन, दोन-तीन प्रोग्रॅमर आणि दोन पाळ्या अशा जॉब शॉपसाठी, म्हणजे ग्राहकांच्या ऑर्डरप्रमाणे भाग करून देणाऱ्या कारखान्यासाठी, आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळे सॉफ्टवेअर आणि ते सांभाळणारी माणसेही असतात. लहान कारखान्यात हे काम मुख्य प्रोग्रॅमरकडेच येते आणि त्याला त्यासाठी वेगळा वेळ कोणी देत नाही.

सुरुवात मशीनपासून

हे काम बहुतेक जण संगणकासमोर बसून, नवी फोल्डरे तयार करून सुरू करतात. माझ्या मते ती सुरुवात चुकीची आहे. संगणकावरचा प्रोग्रॅम म्हणजे प्रोग्रॅमरच्या मनातला बेत असतो. मशीनच्या मेमरीतला प्रोग्रॅम हा प्रत्यक्षात चालून ज्याचा नग तपासणीत पास झाला तो असतो. या दोहोंत फरक असेल तर मशीनवरचा खरा मानावा. म्हणून पहिल्या दिवशी वही घेऊन प्रत्येक मशीनपाशी जावे आणि कंट्रोलचे (मशीन चालवणाऱ्या संगणकाचे) नाव व मॉडेल, प्रोग्रॅम आत कसा जातो (मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, आरएस-२३२ केबल की इथरनेट), टूल मॅगझिनमध्ये किती जागा आहेत आणि मेमरीत आज कोणते प्रोग्रॅम आहेत, ही माहिती लिहून घ्यावी. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर पॅरामीटर २० मधला आकडा पाहिला की मशीन कोणत्या मार्गाने फाइल घेते ते कळते : ० किंवा १ म्हणजे आरएस-२३२, ४ म्हणजे मेमरी कार्ड, ९ म्हणजे अंगभूत इथरनेट आणि १७ म्हणजे यूएसबी.

मग प्रत्येक मशीनमधले सर्व प्रोग्रॅम जसेच्या तसे बाहेर काढून मशीनच्या नावाच्या आणि त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. त्यांना हात लावू नये, नावे बदलू नयेत, एकाच प्रोग्रॅमच्या तीन प्रती दिसल्या तरी त्यांतली एकही पुसू नये. पुढे जेव्हा "हा जॉब मागच्या वेळी नक्की कोणत्या प्रोग्रॅमने काढला होता?" असा वाद होईल, तेव्हा तो मिटवायला हीच मूळ प्रत लागते.

चार प्रकारच्या फाइली

मशीन शॉपमधल्या फाइली कितीही विखुरलेल्या असल्या तरी त्या चारच प्रकारच्या असतात. पहिला प्रकार ग्राहकाकडून आलेल्या फाइलींचा, म्हणजे ड्रॉइंगची पीडीएफ आणि स्टेप किंवा तत्सम त्रिमितीय मॉडेल. दुसरा प्रकार मास्टरकॅम, सॉलिडकॅम, एनएक्स, फ्यूजन अशा कॅम (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेल्या कामाच्या फाइलींचा. तिसरा प्रकार पोस्ट केल्यावर, म्हणजे कॅममधले काम त्या मशीनच्या भाषेत बदलल्यावर, निघणाऱ्या, मशीनला द्यायच्या प्रोग्रॅमचा. सेटअप शीट, टूल यादी आणि फिक्स्चरचा फोटो ही त्याचीच भावंडे. चौथा प्रकार सगळ्या जॉबना लागणाऱ्या पण कोणत्याही एका जॉबच्या नसलेल्या फाइलींचा : पोस्ट प्रोसेसर (हा बदल करणारी फाइल, थोडक्यात पोस्ट), मशीन व कंट्रोलच्या व्याख्या, टूल लायब्ररी, मटेरियलची यादी, ऑपरेशनची ठरलेली मूल्ये आणि सेटअप शीटचे नमुने.

गोंधळ बहुतेक वेळा या चौथ्या प्रकारात असतो, कारण सॉफ्टवेअर बसवताना या फाइली प्रत्येक संगणकावर आपोआप वेगवेगळ्या तयार होतात. तीन संगणकांवर तीन टूल लायब्ररी आणि तीन पोस्ट निर्माण होतात, आणि एकच जॉब कोणाच्या संगणकावरून पोस्ट केला यावर त्याचा प्रोग्रॅम ठरू लागतो. पहिले तीन प्रकार जॉबबरोबर राहावेत आणि चौथा पूर्ण वेगळ्या, कुलूपबंद जागी असावा, एवढी विभागणी झाली तरी अर्धे काम झाले असे समजायला हरकत नाही.

ठेवण्याची जागा

सामायिक फोल्डर कोणत्याही प्रोग्रॅमरच्या रोजच्या संगणकावर ठेवू नये. तो संगणक बंद होतो, घरी नेला जातो, त्यावर कॅमचे जड काम चालू असताना बाकीच्यांना फाइल उघडायला वेळ लागतो. दोन डिस्क असलेला लहान नॅस (नेटवर्कला जोडलेली फाइली साठवण्याची पेटी) किंवा कोपऱ्यात सतत चालू राहणारा, यूपीएसला जोडलेला साधा संगणक पुरेसा होतो. साधे विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकाला एका वेळी जास्तीत जास्त २० उपकरणे जोडण्याची मुभा आहे, आणि लहान शॉपला ती पुरते.

सर्व संगणकांवर त्या फोल्डरचा पत्ता अक्षरशः एकच असावा. एकाकडे तो झेड ड्राइव्ह आणि दुसऱ्याकडे वाय ड्राइव्ह असेल, तर एका संगणकावर जोडलेली टूल लायब्ररी किंवा मॉडेल दुसऱ्या संगणकावर सापडत नाही आणि सॉफ्टवेअर गुपचूप स्वतःची लायब्ररी उचलते. ड्राइव्हचे अक्षर वापरायचे तर ते सगळीकडे सारखे ठेवावे. नाहीतर सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ताच सगळ्यांनी वापरावा, जे मला जास्त पसंत आहे, कारण तो कोणाच्या पेनड्राइव्हमुळे बदलत नाही.

जुन्या मशीनबाबत एक काळजी घ्यावी लागते. काही जुन्या कंट्रोलना आणि त्यांना जोडलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकांना एसएमबी या विंडोजच्या फाइल सामायिक करण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्तीच कळते, तर २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस याच पहिल्या आवृत्तीतून शिरत होता. त्यामुळे एका जुन्या मशीनसाठी मुख्य सर्व्हरवर ती पुन्हा चालू करणे म्हणजे घराला नवे दार बसवून मागची खिडकी उघडी टाकणे होय. अशा मशीनसाठी मध्ये एक वेगळा संगणक ठेवावा किंवा कंट्रोलवर सोय असल्यास एफटीपी ही फाइली पाठवण्याची दुसरी पद्धत वापरावी.

फोल्डरची रचना आणि नावे

रचना ठरवताना माणूस फाइल शोधतो कसा याचा विचार करावा. जॉब पुन्हा येतो तेव्हा हातात ग्राहकाची ऑर्डर असते आणि तिच्यावर पार्ट नंबर व ड्रॉइंगची रिव्हिजन असते. प्रोग्रॅमरचे नाव किंवा मागच्या कामाची तारीख तिच्यावर नसते. म्हणून आधी ग्राहक, त्यात पार्ट नंबर, त्यात रिव्हिजन, आणि रिव्हिजनमध्ये ड्रॉइंग, कॅम, प्रोग्रॅम व सेटअप अशी चार फोल्डरे ठेवावीत. मशीननुसार फोल्डर सर्वांत वर ठेवण्याचा मोह होतो, पण जॉब एका व्हीएमसीवरून (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवरून) दुसऱ्या व्हीएमसीवर गेला की त्याच पार्टच्या फाइली दोन ठिकाणी होतात. मशीनचे नाव प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शेवटच्या पायरीवर असावे. वर्षानुसार फोल्डर करू नयेत, कारण २०२१ मध्ये सुरू झालेला जॉब २०२५ मध्येही चालू असतो आणि तो कोणत्या वर्षात शोधायचा हे कोणालाच आठवत नाही.

प्रत्यक्ष नावे रोमन मोठ्या अक्षरांत आणि अंकांत ठेवावीत, मधली जागा सोडण्याऐवजी आडवी रेघ वापरावी. देवनागरी नावे संगणकावर छान दिसतात, पण बहुतेक कंट्रोलना ती वाचता येत नाहीत. तारीख लिहायचीच असेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे नावानुसार लावल्यावर फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. "फायनल", "न्यू" आणि "लेटेस्ट" हे तीन शब्द फाइलच्या नावात येऊ देऊ नयेत. एका कारखान्यात मी "फायनल-न्यू-२" आणि "फायनल-फायनल" अशा दोन फाइली शेजारी शेजारी पाहिल्या होत्या आणि मशीनवर चालत होती ती तिसरीच. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे, हेही ध्यानात ठेवावे. ग्राहकाचे पूर्ण नाव, पार्टचे वर्णन आणि ऑपरेशनचे वर्णन सगळे फोल्डरच्या नावात कोंबले की ही मर्यादा अनपेक्षितपणे आड येते आणि कॅम सॉफ्टवेअर फाइल जतन करायला नकार देते.

फानुकच्या जुन्या कंट्रोलवर प्रोग्रॅमचे नाव म्हणजे ओ हे अक्षर आणि चार अंक, एवढेच. ३०आय आणि ०आय-एफ या नंतरच्या मालिकांमध्ये ३२ अक्षरांपर्यंत नाव देता येते, पण शॉपमध्ये एक जरी जुने मशीन असले तरी सर्वांसाठी चार अंकांचीच शिस्त ठेवणे सोयीचे पडते. त्यातले ८००० आणि ९००० च्या घरातले क्रमांक मॅक्रो, टूल बदलण्याचे आणि प्रोबचे प्रोग्रॅम यांसाठी राखीव मानावेत. पॅरामीटर ३२०२ मधल्या दोन बिट्सनी ते पुसण्या-बदलण्यापासून सुरक्षित करता येतात आणि ते करावेच. १ ते ९९९ वॉर्म-अप व चाचणीसाठी सोडले तर जॉबसाठी १००० ते ७९९९ असे ७००० क्रमांक उरतात. पहिला अंक ग्राहकाचा, दुसरा मशीनचा अशी अर्थपूर्ण क्रमांकरचना बऱ्याच जणांना आवडते, पण आठवा ग्राहक आला की ती मोडते. त्यापेक्षा क्रमांक ओळीने द्यावेत आणि एका नोंदवहीत, मग ती एक्सेलची असो वा कागदाची, क्रमांक, पार्ट नंबर, रिव्हिजन, सेटअप आणि मशीन लिहावे. सीमेन्सच्या कंट्रोलवर शब्दांत नावे देता येतात आणि मुख्य प्रोग्रॅम एमपीएफ व उपप्रोग्रॅम एसपीएफ या शेपटाने ओळखला जातो. तिथेही नोंदवहीतला क्रमांक नावात ठेवला तर शोध सोपा होतो.

प्रोग्रॅमच्या पहिल्या काही ओळींत कंसातल्या टिपणीत पार्ट नंबर, रिव्हिजन, सेटअप क्रमांक, पोस्ट केल्याची तारीख, वापरलेल्या पोस्टचे नाव आणि कॅम फाइलचे नाव असावे. हे हाताने लिहू नये, पोस्टकडूनच आपोआप यावे अशी तजवीज करावी. हाताने लिहिलेली टिपणी घाईच्या दिवशी राहून जाते. फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये गेली, तिचे नाव बदलले, ती फक्त मशीनमध्येच उरली, तरी तिची ओळख तिच्या पोटात राहते.

पोस्ट, टूल लायब्ररी आणि बाकीच्या समान फाइली

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जॉबची फाइल चुकली तर एक जॉब बिघडतो, पण समान फाइल चुकली तर त्यानंतरचा प्रत्येक जॉब बिघडतो.

पोस्ट ही मशीनची असते, सॉफ्टवेअरची नव्हे. शेजारी उभी असलेली दोन टर्निंग सेंटर एकाच कंट्रोलची असली तरी त्यांची जी-कोडची, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची, पद्धत वेगळी असू शकते. फानुकच्या ए पद्धतीत स्पिंडलच्या कमाल फेऱ्यांची मर्यादा जी५० ने दिली जाते आणि फीड प्रति मिनिट की प्रति फेरा हे जी९८ व जी९९ ने ठरते. बी पद्धतीत तीच मर्यादा जी९२ ने आणि फीडचा प्रकार जी९४ व जी९५ ने ठरतो. ए पद्धतीत मात्र जी९२ हा आटे पाडण्याचा कोड आहे. बी पद्धतीची पोस्ट ए पद्धतीच्या मशीनला दिली, तर फेऱ्यांची मर्यादा बसतच नाही, आणि जी९६ (छेदवेग कायम ठेवण्याची आज्ञा) चालू असताना फेसिंग मध्यबिंदूकडे सरकत गेले की चकाच्या फेऱ्या वाढतच जातात. म्हणून प्रत्येक मशीनसाठी वेगळी पोस्ट, तिच्या नावात मशीनचा शॉपमधला क्रमांक, आणि पोस्टच्या सुरुवातीला बदलांची नोंद असावी : कोणत्या दिवशी, कोणी, काय बदलले आणि कोणत्या जॉबवर तपासले. पोस्ट बहुधा साध्या मजकुराची फाइल असते, त्यामुळे ही नोंद तिच्यातच लिहिता येते. बदल करताना जुनी पोस्ट तारीख लावून "जुने" फोल्डरमध्ये हलवावी. बदललेल्या पोस्टने आधी पास झालेला एखादा प्रोग्रॅम पुन्हा काढून जुन्याशी ओळीने ताडून पाहावा. अपेक्षित ओळींखेरीज काही बदललेले नसेल तरच ती सर्वांसाठी खुली करावी.

मास्टरकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मशीनची व्याख्या कंट्रोलच्या व्याख्येकडे आणि ती पोस्टकडे बोट दाखवते, म्हणून नुसती पोस्ट सर्व्हरवर हलवून भागत नाही. तिन्ही फाइली एकत्र हलवाव्यात आणि प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमधला पत्ता बदलावा. फ्यूजनमध्ये पोस्ट आणि टूल लायब्ररी क्लाउडवर ठेवण्याची सोय आहे, ती वापरायची असेल तर पूर्ण वापरावी. अर्धे क्लाउडवर आणि अर्धे स्थानिक डिस्कवर ही सर्वांत वाईट अवस्था होय.

टूल लायब्ररीसाठी एकच माणूस जबाबदार ठरवावा. त्यामागचे कारण आकड्यांत पाहता येते. समजा लायब्ररीत १२ मिमीची चार दात्यांची कार्बाइड एंड मिल आहे, छेदवेग १०० मीटर प्रति मिनिट आणि प्रति दात फीड ०.०५ मिमी. म्हणजे सुमारे २६५० फेरे आणि सुमारे ५३० मिमी प्रति मिनिट फीड. कोणी ॲल्युमिनियमचा जॉब करताना प्रति दात फीड ०.०८ केला आणि तो लायब्ररीत तसाच जतन झाला, तर फीड ८५० च्या जवळ जातो. आधीच केलेली ऑपरेशने बदलत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दुसरा प्रोग्रॅमर ईएन८ या पोलादाच्या जॉबसाठी तेच टूल उचलतो आणि टूल तुटल्यावर इन्सर्ट-एंड मिल पुरवणाऱ्याला फोन जातो. मटेरियलनुसार वेगळ्या नोंदी ठेवल्या आणि लायब्ररी बाकीच्यांसाठी फक्त वाचण्यापुरती ठेवली, की हा प्रसंग येत नाही. नवे टूल हवे असेल त्याने चिठ्ठी द्यावी. जबाबदार माणसाने आठवड्यातून एकदा त्या चिठ्ठ्यांवर काम करावे.

लायब्ररीत होल्डर आणि टूल किती बाहेर निघते याचे माप कागदावरचे नको, प्रत्यक्ष मोजलेले हवे. संगणकात टूल ३० मिमी बाहेर आणि मशीनवर ४५ मिमी बाहेर असेल तर टक्कर तपासणारे सिम्युलेशन म्हणजे नुसता चित्रपट असतो. मॅगझिनमध्ये २४ जागा असतील तर त्यांतल्या आठ-दहा जागा नेहमीच्या टूलसाठी कायमच्या ठरवाव्यात (फेस मिल, सेंटर ड्रिल, चँफर टूल वगैरे), त्यांचे क्रमांक सर्व व्हीएमसींवर सारखे ठेवावेत आणि लांबीच्या ऑफसेटचा (कंट्रोलमधल्या टूलच्या लांबीच्या नोंदीचा) क्रमांक टूलच्या क्रमांकाइतकाच असावा. सेटरचा, म्हणजे मशीनवर जॉब लावणाऱ्याचा, वेळ तर वाचतोच, शिवाय रात्रपाळीला चुकीचा ऑफसेट लागण्याचा मोठा धोका जातो.

काही सॉफ्टवेअरची टूल लायब्ररी ही प्रत्यक्षात डेटाबेसची फाइल असते. नेटवर्कवर दोघांनी एकाच वेळी ती लिहिण्यासाठी उघडली तर ती खराब होण्याची शक्यता असते. लिहिण्याचा अधिकार एकालाच दिला की हा प्रश्नही त्यातच सुटतो. मोठ्या कॅम फाइलींबाबतही असेच : नेटवर्कवरून थेट उघडून दिवसभर काम करण्यापेक्षा ती आपल्या संगणकावर आणावी, काम करावे, संध्याकाळी परत ठेवावी, आणि आपण ती घेतली आहे हे इतरांना कळेल अशी नोंद ठेवावी. ही नोंद भिंतीवरच्या फळ्यावर केली तरी चालते. आमच्याकडे फळाच सर्वांत टिकला.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तर समान फाइलींचे फोल्डर तसेच ठेवून शेजारी नव्या आवृत्तीचे फोल्डर करावे आणि जुन्या फाइलींची प्रत त्यात रूपांतरित करावी. नव्या आवृत्तीत जतन केलेली कॅम फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, म्हणून सर्व संगणक एकाच दिवशी बदलावेत. हे कामही गुरुवारचेच.

कोणाला काय करता येईल

"एव्हरीवन, फुल कंट्रोल" ही सोय पहिल्या दिवशी सर्वांना आवडते आणि ज्या दिवशी कोणाच्या तरी माउसने अख्खे फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढले जाते त्या दिवशी महागात पडते. विंडोजमध्ये सामायिकतेचे अधिकार आणि डिस्कवरचे अधिकार असे दोन थर असतात, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांतला जो कडक असेल तो लागू होतो. म्हणून वरचा थर सैल ठेवून खरे नियंत्रण डिस्कच्या थरावर करावे. अधिकार व्यक्तींना देऊ नयेत, गटांना द्यावेत. प्रोग्रॅमरच्या गटाला जॉबची फोल्डरे लिहिता यावीत, समान फाइली फक्त वाचता याव्यात. सेटर व ऑपरेटरच्या गटाला पास झालेले प्रोग्रॅम आणि सेटअप शीट वाचता यावे आणि "मशीनवरून परत" या एकाच फोल्डरमध्ये लिहिता यावे.

मशीनवर झालेला बदल परत आणणे

आता सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या आणि सर्वांत कमी लक्ष दिल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येतो. पहिला नग काढताना सेटर मशीनवरच प्रोग्रॅममध्ये बदल करतो. टर्निंगच्या फिनिशिंगचा फीड ०.२ चा ०.१५ करतो, एखादा अप्रोच लांबवतो, चीप अडकते म्हणून ड्रिलिंगचा पेक (ड्रिल एका दमात जितके आत जाते ती खोली) कमी करतो. नग पास होतो, लॉट निघतो, मेमरी भरली म्हणून प्रोग्रॅम पुसला जातो. सहा महिन्यांनी तीच ऑर्डर पुन्हा येते, सर्व्हरवरून प्रोग्रॅम पाठवला जातो, आणि पहिले चार नग रिजेक्ट होतात. सेटर म्हणतो, "साहेब, हे मागच्या वेळीच दुरुस्त केलं होतं." आणि ते खरेच असते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक जॉबच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये तीन कप्पे ठेवावेत : "तयार", "मशीनवर" आणि "पास". पोस्ट केलेला प्रोग्रॅम "तयार"मध्ये जातो. मशीनला पाठवला की तो "मशीनवर"मध्ये हलवावा. पहिला नग तपासणीत पास झाला, लॉट सुरळीत चालला, की मशीनमधून प्रोग्रॅम परत बाहेर काढून "मशीनवरून परत" या फोल्डरमध्ये टाकण्याचे काम सेटरचे. जॉब कार्डावर त्यासाठी एक चौकट छापून घ्यावी आणि ती भरल्याशिवाय कार्ड बंद होऊ देऊ नये. प्रोग्रॅमरने परत आलेली आणि पाठवलेली फाइल विनमर्जसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी उघडावी. फरकाच्या ओळी रंगात दिसतात आणि दोन-चार मिनिटांत कळते की काय बदलले. एखादा बदल का केला हे ओळीवरून कळत नसेल तर जाऊन विचारावे : "काका, या ठिकाणी पेक कमी का केलात?" उत्तर पुष्कळदा इन्सर्टच्या ग्रेडबद्दल किंवा फिक्स्चरच्या क्लॅम्पबद्दल असते आणि ते सेटअप शीटवर लिहिण्यासारखे असते.

पण येथे काम थांबवू नये. परत आलेला प्रोग्रॅम "पास"मध्ये गेला तरी कॅमच्या फाइलीत जुनाच फीड असतो, आणि पुढे कोणी छोटासा बदल करून पुन्हा पोस्ट केले की सेटरची सगळी मेहनत पुसली जाते. म्हणून मशीनवर झालेला बदल कॅमच्या फाइलीतही करावा, आणि काही कारणाने तो तेथे करता येत नसेल तर कॅम फाइलच्या टिपणीत ठळक लिहावे की या जॉबचा प्रोग्रॅम हाताने बदललेला आहे, पुन्हा पोस्ट करू नये. वेअर ऑफसेटचे (टूलच्या झिजेपुरत्या दुरुस्तीचे) बदल मात्र या प्रवासात येत नाहीत, ते त्या दिवसाच्या टूलचे असतात.

पेनड्राइव्हने काम चालत असेल तर प्रत्येक मशीनसाठी एक, नाव लिहिलेला, त्या कामाशिवाय दुसरीकडे न लावलेला पेनड्राइव्ह ठेवावा आणि प्रोग्रॅम गेल्यावर तो रिकामा करावा. नाहीतर तोच हळूहळू दुसरा सर्व्हर होऊन बसतो. आरएस-२३२ ने पाठवताना फाइलच्या दोन्ही टोकांना टक्क्याचे चिन्ह असल्याची खात्री करावी. शेवटचे चिन्ह नसेल तर मशीन पुढच्या ओळीची वाट पाहत उभे राहते आणि दोष केबलला दिला जातो.

रिव्हिजन आणि प्रती

ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की जुन्या रिव्हिजनचे फोल्डर तसेच ठेवून नवे करावे, जुन्याच्या नावापुढे "रद्द" जोडावे आणि ते फक्त वाचण्यापुरते करावे. पुसू नये, जुन्या रिव्हिजनच्या सुट्या भागांची ऑर्डर कधीही येऊ शकते. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.५.३ या कलमात नोंदींवर जे नियंत्रण अपेक्षित आहे ते मशीनच्या प्रोग्रॅमलाही लागू होते, आणि वाहन उद्योगातले ग्राहक आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये मशीनसमोर उभे राहून "हा प्रोग्रॅम कोणत्या रिव्हिजनचा?" असे विचारू शकतात. त्याचे उत्तर पहिल्या ओळीतल्या टिपणीत असते.

प्रतींचा नेहमीचा नियम तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक कारखान्याबाहेर, असा आहे. दोन डिस्कच्या नॅसमधली दुसरी डिस्क ही प्रत मानू नये, कारण एका डिस्कवर पुसले की दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. विंडोजमधल्या रोबोकॉपी या प्रत काढणाऱ्या आज्ञेच्या "मिर" पर्यायाबाबतही तीच सावधगिरी : तो मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढून टाकतो, म्हणून त्याच्या जोडीला तारीखवार जुन्या प्रती राहतील अशी दुसरी व्यवस्था हवी. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, सतत जोडलेली डिस्क खंडणीच्या व्हायरसलाही दिसते. तीन महिन्यांतून एकदा प्रतीमधून एखादा जॉब खरोखर परत आणून पाहावा.

मशीनच्या पॅरामीटरची (कंट्रोलमधल्या मूळ सेटिंगची) प्रत बहुतेक ठिकाणी घेतलीच जात नाही. फानुकच्या कंट्रोलमध्ये हे पॅरामीटर बॅटरीवर टिकलेल्या मेमरीत असतात. बॅटरीचा इशारा दिसूनही ती बदलली नाही किंवा मशीन बंद असताना बदलली, तर प्रोग्रॅम आणि पॅरामीटर दोन्ही जाऊ शकतात. खंडेनवमीला सगळी मशीन धुऊन-पुसून पूजेसाठी उभी असतात. हार घालण्याआधी प्रत्येक मशीनच्या पॅरामीटरची, पिच एरर कॉम्पेन्सेशनची (स्क्रूच्या आट्यांतल्या चुकीच्या दुरुस्तीची) आणि मॅक्रो व्हेरिएबलची प्रत मेमरी कार्डवर घेऊन सर्व्हरवर ठेवण्याची प्रथा पाडली, तर वर्षातून एक प्रत तरी चुकत नाही.

जुन्या पसाऱ्याचे काय करावे

पाच-सात वर्षांचे जुने फोल्डर एका दिवसात नव्या रचनेत बसवण्याचा प्रयत्न करू नये. तो पहिल्या तीन ग्राहकांपर्यंत उत्साहाने चालतो आणि मग अर्धे जुने, अर्धे नवे असे दोन्ही उरते. सगळा जुना पसारा एका फोल्डरमध्ये जसाच्या तसा हलवावा, तो फक्त वाचण्यापुरता करावा आणि जॉबची ऑर्डर येईल तसा तो जॉब बाहेर काढावा : मशीनवरच्या पहिल्या दिवशीच्या प्रतीशी ताडून, टिपणी घालून, नोंदवहीत क्रमांक देऊन. नियमित फिरणारे जॉब काही महिन्यांत आपोआप नव्या जागी येतात. दोन वर्षे ज्याला कोणी हात लावला नाही ते बाहेरच्या डिस्कवर हलवून तिच्यावर तारीख लिहावी, ती डिस्क कपाटात कोणत्या खणात ठेवली ते नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहावे, आणि मगच सर्व्हरवरून ते काढावे.